कूपरेजच्या जाळीपाशी रहीमसाहेब

साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे दादरला उतरलो, कटिंग मारली आणि चर्चगेट लोकल पकडली. रविवार असल्यामुळे खिडकी मिळाली. या खेपेला मुंबईत मला एकच जागा बघायची होती, कूपरेजचं फुटबॉल मैदान.

ओव्हल मैदान डाव्या हाताला ठेवून सरळ चालत गेलो. तिथे क्रिकेटचे पाच-सहा सामने एकमेकांत घुसून चाललेले. ओव्हल मागे पडलं की कूपरेज लागतं. पूर्वी इथे पिंपं बनवणारे कारागीर असत, त्यावरून हे नाव पडलं.

आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. रात्रपाळी असली की दुपारी झोप मोडून रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा बघायला इथे यायचे. त्यांच्या तोंडी कायम एकच संघ, हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं त्यांनी हा कप नेला. "पोलिसांचा बॉल कुणाच्या पायात थांबायचाच नाही रे," आजोबा सांगायचे. तो न थांबणारा बॉल ज्यांनी शिकवला ते सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. १९५० पासून ते भारताचेही प्रशिक्षक झाले, आणि दुसऱ्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० हरवून आपण सुवर्ण जिंकलं.

हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मात्र १९५२ साली युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी हंगेरीचा खेळ बारकाईने पाहिला आणि सेंटर फॉरवर्डला थोडं मागे खेचण्याची त्यांची पद्धत उचलली. चार वर्षांनी मेलबर्नला भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत होता! ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२, त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. नेव्हिल मुंबईच्या मैदानांवर खेळून मोठा झालेला. ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. शेवटी आपण चौथे आलो. त्यापुढे आजवर गेलेलो नाही.

पण मला सर्वांत जास्त भिडतं ते १९६२ चं जकार्ता. रहीमसाहेबांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया, स्टेडियम खचाखच भरलेलं आणि जवळजवळ सगळं आपल्या विरोधात. बचावपटू जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तर रहीमसाहेबांनी त्यालाच पुढे फॉरवर्डला उभं केलं. आधी पी. के. बॅनर्जींचा गोल, मग जर्नैलचा. २-१. पुढच्याच वर्षी ११ जूनला रहीमसाहेब गेले, अवघ्या ५३ व्या वर्षी.

हैदराबादचा माणूस म्हणून मुंबईने त्यांना परकं मानू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या पोरांना डोक्यावर घेणाऱ्या गर्दीत आमच्यासारख्या गिरणीवाल्यांच्या घरची माणसंही होती.

जाळीला नाक लावून मी आत बघत होतो. हिरव्या कृत्रिम गवतावर दहा-बारा वर्षांची पोरं सराव करत होती. एका बारक्या मुलाला सर फक्त डाव्या पायाने मारायला लावत होते. बॉल दर वेळी भलतीकडेच. तो हळूच उजव्या पायावर येई, की सरांची शिट्टी. मला एकदम आठवलं, रहीमसाहेब कमकुवत पायानेच खेळायच्या स्पर्धा घ्यायचे म्हणे. त्या मुलाचा बूट घासून बाहेरच्या बाजूने पांढरा पडला होता, मोजा घोट्यापाशी गोळा झालेला. पंधराव्या-सोळाव्या वेळी बॉल सरळ जाऊन जाळ्यात बसला. पोरगा हात वर करून सरांकडे धावला.

"शाब्बास," सर म्हणाले, "आता आणखी दहा."