दोन जलधी

बिल गेट्सवरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन मी लिहिलं होतं आणि त्या दिवशी त्याचं रेकॉर्डिंग होतं. सिअॅटलच्या शाळेतला टेलिटाइप, म्हणजे संगणकाला जोडलेलं टाइपयंत्र, 1975 सालची मायक्रोसॉफ्ट, हे सगळं जेवणाआधीच उरकलं. 1998 चा मक्तेदारीचा खटला मूळ फिल्ममध्येच दोन वाक्यांत गुंडाळला होता. मला ते खटकलं, पण निवेदन लिहिणाऱ्याला कोण विचारतं!

जेवणानंतर आलं 2018 चं बीजिंग. ड्रेनेजच्या लाइनशिवाय चालेल आणि मैल्यातले जंतू जागीच मारेल असा संडास बनवा, असं आव्हान गेट्स फाउंडेशनने 2011 मध्ये दिलं होतं. त्यातून तयार झालेल्या संडासांचं हे प्रदर्शन. मंचावर गेट्स, शेजारी काचेची बरणी, आणि बरणीत चक्क मैला.

मी ‘मानवी विष्ठा’ लिहिलं होतं. निवेदन करणारे काका काचेपलीकडून म्हणाले, “विष्ठा काय रे? कीर्तन आहे का? मैला म्हण की सरळ!” केला बदल.

पुढचं वाक्य होतं, एवढ्याशा मैल्यात रोटाव्हायरसचे दोनशे अब्ज कण असू शकतात. रेकॉर्डिंगवरच्या मुलीने थांबवलं. “दादा, तो ट्रिलियन म्हणतोय. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी ना?”

कागदावर शून्यं मांडली. तीन कमी! म्हणजे मी हजारपट चुकलो होतो, आणि तेही तीनदा तपासून. कान गरम झाले.

“मग दोनशे लाख कोटी म्हणायचं?” मी विचारलं. पण लाख कोटी म्हटलं की आपल्याला बजेट नाहीतर घोटाळाच आठवतो. काका बोटांवर मोजायला लागले. “अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी... अरे, दोन जलधी!” आम्ही हसत सुटलो. शब्द मला फार आवडला, पण कळणार कुणाला? शेवटी दोनशे लाख कोटीच ठेवलं.

टेक सुरू झाला. रोटाव्हायरस दोनशे लाख कोटी, शिगेला नावाचे जिवाणू दोन हजार कोटी. हे आकडे काकांनी झरझर वाचले. ‘जंतांची एक लाख अंडी’वर मात्र आवाज एकदम खाली आला, वाक्य दोन सेकंद लांबलं, आणि पुढच्या दृश्यावर चढलं.

“काका, परत घेऊ या का?”

“घे,” ते म्हणाले. “बाकीचे नुसते आकडे आहेत रे. जंत मी गावात पाहिलेत. पोरांच्या पोटातले.”

दुसऱ्या टेकलाही ते तिथेच रेंगाळले. मग मीच पुढचं वाक्य छाटलं.