गच्चीवरचा पर्जन्यमापक: तिसऱ्या पावसाळ्याची वही

मंडळी, हस्त लागलं आणि वही भराभर भरायला लागली. सोलापूर पर्जन्यछायेत, त्यामुळे जून-जुलैत नोंदवायला फार काही नसतं. आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा, दुपारी ढग चढून संध्याकाळी कोसळणारा. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणक मॉडेलचा कसही त्याच पावसात लागतो.

दोन वर्षं मी रोज सकाळी साडेआठला माप घेऊन अंदाजापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहायचो. यंदा ते बंद केलं. एका संध्याकाळी जुळे सोलापुरात आमच्या पन्हाळी धो धो वाहत होत्या. शहराच्याच दुसऱ्या भागात, बाळ्यात राहणाऱ्या मामेभावाला फोन केला तर तो म्हणतो, “अरे, इथं थेंब नाही.” मग मॉडेल बरोबर की चूक? मॉडेल जमिनीचे चौकटीत तुकडे पाडून एकेका चौकटीचं गणित करतं. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) मॉडेलची चौकट साधारण 9 किलोमीटरची. पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे 2025 मध्ये आली, तिने आपली 12 किलोमीटरची जाळी 6 वर आणली. ही मोठी मजल आहे. तरी आपल्याकडचा सुटा ढग बऱ्याचदा त्याहून लहान असतो. मॉडेलला तो दिसत नाही. चौकटीतल्या बाष्पावरून आणि उष्णतेवरून त्याचा पाऊस अजमावावा लागतो.

म्हणून आता शक्यता लिहितो. युरोपीय केंद्राच्या, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून केलेल्या 51 गणितांपैकी 36 मध्ये 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस असेल, तर 70 टक्के. पाऊस आला तर 1, नाही आला तर 0 धरायचा; 0.7 पासूनच्या फरकाचा वर्ग आला तर 0.09, नाही आला तर 0.49. महिनाभराची सरासरी काढली की ब्रायर स्कोअर; जितका कमी तितकं चांगलं. आईला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली वासराची भाकणूक वर्षभर लक्षात असते, तिला टक्के सांगितले की ती एवढंच विचारते, “वाळत घातलेल्या शेंगा आत घेऊ का?” शेंगा आत घ्यायला दहा मिनिटं लागतात, भिजल्या तर सगळंच गेलं. म्हणून 30 टक्क्यांनाच आत घ्यायच्या, असं ठरवलंय.

सगळ्यात जास्त शिकलो ते एआय मॉडेलकडून. युरोपीय केंद्राचं एआयएफएस हे असं मॉडेल; त्याची एकेरी, म्हणजे एकच गणित देणारी, आवृत्ती फेब्रुवारी 2025 पासून रोज चालतं. वर्गचूक (अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा वर्ग) कमीत कमी ठेवायला शिकवलेलं असं मॉडेल वादळी सर नेमकी कुठे पडेल याची खात्री नसली की सगळीकडे थोडा थोडा पाऊस पसरवतं. माझ्या वहीत अशी ‘सगळीकडे 3 मिमी’ची पानं बरीच आहेत. जुलै 2025 पासूनचं एआयएफएस एन्सेम्बल (अनेक गणितांचा संच) संभाव्यतेच्या मापावर शिकवलंय, त्यामुळे त्यातल्या एकेका गणितात सर ठसठशीत राहते. दोन्हींचे रकाने आता शेजारी शेजारी ठेवलेत.

एक घोटाळाही झाला. गेल्या आठवड्यात टिपिंग बकेट (पाणी भरलं की कलंडून मोजणारा आपोआप पर्जन्यमापक) शून्य दाखवत होती आणि शेजारच्या साध्या बरणीत 14 मिमी. नरसाळ्यात कबुतराचं पीस! ते चार दिवस खोडले. गणिताने हवामानाचा अंदाज काढण्याचा पहिला प्रयत्न करणारा रिचर्डसन आठवला: 1922 मध्ये छापलेल्या त्याच्या हातगणिताने 6 तासांत 145 मिलिबार दाब वाढवून दाखवला होता, प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. पद्धत मुळात बरोबर होती, सुरुवातीचे आकडेच एकमेकांशी जुळलेले नव्हते. आता नरसाळ्यावर जाळी बसवलीय.

होटगी, बाळे किंवा अक्कलकोट रस्त्याला कुणाकडे पर्जन्यमापक असेल तर साडेआठचे आकडे कळवा. एका चौकटीत किती फरक पडतो, ते मांडायला घेतलंय.