तिला रोज स्टेरॉईड का देता?

आमच्या मैना कुत्रीला रोज स्टेरॉईड का देता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं तुम्ही एकट्यांनी विचारलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, माझ्या नणंदेने विचारलं, औषधाच्या दुकानातल्या मुलानेही विचारलं: "चांगली धडधाकट आहे की मैना. रोज स्टेरॉईड कशाला? किडन्या जातील तिच्या."

ती धडधाकट दिसते ती त्या गोळ्यांमुळेच. हे सांगताना हल्ली माझा आवाज चढतो, त्याबद्दल राग मानू नका.

मैनाला अ‍ॅडिसन नावाचा आजार आहे. मूत्रपिंडांजवळच्या दोन छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी तिच्या शरीराने स्वतःच निकामी करून टाकल्या. कॉर्टिसॉल हे शरीराचं घरचं स्टेरॉईड. आजारपण, भीती, उपास यांतून तेच तारून नेतं. अल्डोस्टेरॉन हे त्याच ग्रंथींचं दुसरं हॉर्मोन. ते सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढतं. ही दोन्ही तिच्यात बनत नाहीत, म्हणून कॉर्टिसॉलऐवजी प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉईड) आणि अल्डोस्टेरॉनऐवजी फ्लुड्रोकॉर्टिसोन बाहेरून द्यावी लागतात. गावची विहीर आटली की टँकर येतो, तसंच हे. टँकर बंद करा, असं सुचवणाऱ्याने आधी विहिरीत वाकून बघावं.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. खाज थांबावी म्हणून महिनोन्‌महिने स्टेरॉईडची इंजेक्शनं घेतलेली कुत्री मीही पाहिली आहेत. पोट सुटलेलं, कातडी पातळ झालेली, सारखी पाण्याच्या भांड्याशी. पण मात्रा बघा ना. शरीराने स्वतःवरच हल्ला करण्याच्या आजारांत किलोमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन देतात. अ‍ॅडिसनमध्ये रोजची मात्रा किलोमागे साधारण 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम असते. औषधाचं नाव तेच, काम मात्र निराळं.

आता ते पावसाळ्यातलं. तुम्हाला ती आजारी होती एवढंच माहीत आहे.

त्याआधी कितीतरी महिने तिचं असंच चाललं होतं. दोन दिवस खायची नाही, उलट्या, हगवण, मागचे पाय थरथरायचे. गोचीडताप म्हणून गोळ्यांचा कोर्स झाला. सलाईन लावलं की दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत दारात उभी. पुढे पाहुणे आले किंवा आम्ही गावाला जाऊन आलो की पुन्हा तेच. हा आजार असाच लपतो. कधी पोटाचा वाटतो, कधी किडनीचा, आणि सलाईनने तात्पुरता बरा होतो म्हणून कुणाला संशयच येत नाही.

त्या रात्री ती उठेचना. हिरड्या पांढऱ्या फटक, कान गार. जवळच्या दवाखान्यात नेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, खूप वाढलेलं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "किडन्या गेल्यात. हाल करण्यापेक्षा झोपवून टाका." नवरा गप्प होता. संमतीचा कागद टेबलावर होता, वर पेन ठेवलेलं. मैनाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी सही केली नाही. त्यात शहाणपण नव्हतं, मला फक्त सकाळपर्यंतचा वेळ हवा होता.

सकाळी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठी घातली. "एवढ्या शॉकमध्ये ठोके धावायला हवेत. हिचे पन्नासच्या आत आहेत." लगेच ईसीजी काढला. रक्तात सोडियम 128, पोटॅशियम 7.8. त्यांनी त्याच कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला: 16.4. हे गुणोत्तर 27च्या खाली गेलं की अ‍ॅडिसनचा संशय घ्यायचा असतो. मूत्रपिंडं शाबूत होती, त्यांना रक्तच पुरेसं पोचत नव्हतं, म्हणून क्रिएटिनिन चढलेलं. वाढलेल्या पोटॅशियमने हृदय मंदावलं होतं. सलाईन सुरू झालं, हृदय सांभाळायला कॅल्शियम दिलं. एसीटीएच हे अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हॉर्मोन; त्याच्या इंजेक्शनआधी आणि तासाभराने कॉर्टिसॉल मोजलं. दोन्ही वेळा 2च्या खाली, म्हणजे ग्रंथींकडून काहीच प्रतिसाद नाही. ही तपासणी होईपर्यंत त्यांनी प्रेडनिसोलोन मुद्दाम टाळलं, कारण ते कॉर्टिसॉलच्या मोजणीत मिसळतं. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉईड तसं मिसळत नाही.

संध्याकाळी तिने दहीभात खाल्ला.

म्हणून "किडन्या जातील" हे शब्द माझ्यासमोर नका काढू. त्याच शब्दांवर तिला मारायला निघाले होते.

आता तुम्हाला अजून न सांगितलेलं. जनावराला जन्मभर औषधांवर जगवू नये, असं मैना येण्याआधी मीच ठासून म्हणायचे. ती मी मला अजून पुरती चुकीची वाटत नाही. मैना पळते, खाते, भांडते, म्हणून आज मी त्या जुन्या मीशी वाद जिंकते. उद्या दुसरा एखादा आजार आला, गोळ्यांनीही ती नुसती पडून राहायला लागली, तर? तेव्हा त्या कागदावर सही करेन की नाही, मला सांगता येत नाही.

मात्रेचं कोडंही सुटलेलं नाही. मध्यंतरी ती फार पाणी प्यायला लागली, रात्री धापा टाकायची. म्हणजे प्रेडनिसोलोन जास्त होत होतं. तुमचं तेवढं खरं होतं. गोळीचा पाव भाग कमी केला तर पंधरवड्यात जुलाब. पुन्हा वाढवली. डॉक्टरीणबाई आणि मी अजून त्या पाव भागातच अडकलो आहोत, आणि सोडियम-पोटॅशियम अधूनमधून तपासतोच.

दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीपासूनच त्यांच्या सल्ल्याने प्रेडनिसोलोन दुप्पट होतं. निरोगी कुत्र्याचं शरीर भीती वाटली की कॉर्टिसॉल आपणच वाढवतं, हिच्यात ती सोय नाही. नणंदेला नेमकं तेच खुपतं: "सणासुदीला जास्तच?" हो, सणासुदीलाच जास्त. आणि आम्ही गावाला गेलो आणि मैना तुमच्याकडे राहिली, तर "एक दिवस नाही दिली तर काय होतं" असं म्हणून गोळी चुकवू नका. ती खायला नाही म्हणाली किंवा उलटी झाली, तर मला फोन करायच्या आधी डॉक्टरांना करा.