मनोऱ्यांच्या गावाला पायी

इटलीतल्या तोस्कानातला गाम्बास्सी तेर्मेचा मुक्काम सकाळीच हलवला. पुढचा टप्पा सान जिमिन्यानो, जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारी ही जुनी यात्रावाट, व्हिया फ्रान्चिजेना. कँटरबरीच्या आर्चबिशप सिजेरिकने 990च्या सुमारास रोमहून परतताना मुक्कामांची यादी करून ठेवली, तिच्यात सान जिमिन्यानोचं नाव आहे.

पांढऱ्या मातीचा रस्ता, दोन्ही अंगांना द्राक्षमळे आणि ऑलिव्ह. पानकोलेला मारियाचं देऊळ लागलं. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं, नंतर पुन्हा उभारलेलं. तिथून पुढे चढावर एकाएकी मनोरे दिसले. पंढरीच्या वाटेवर वेळापूरला वारकरी धावा का करतात, ते मला त्या चढावर नव्याने उमगलं. पाय आपोआप उचलले.

सान मात्तेओ वेशीतून आत शिरलो. हे गाव यात्रेकरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटेवर वाढलं, केशर विकून श्रीमंत झालं. घराण्यांनी ईर्ष्येने मनोरे बांधले, सत्तरच्या वर. 1348च्या प्लेगने गाव मोडलं, पाठोपाठ फिरेंझेची, म्हणजे फ्लॉरेन्सची, सत्ता आली. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून आज चौदाएक मनोरे तरी शाबूत आहेत.

वेशीजवळच्या सांत आगोस्तिनो चर्चमध्ये मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. 1464 साली पुन्हा साथ आली, तेव्हा बेनोत्सो गोत्सोलीने इथे संत सेबास्तियन रंगवला. एरवी हा संत उघड्या अंगात बाण रुतलेला दिसतो. इथे तो अंगभर वस्त्रं नेसून उभा आहे, त्याच्या पसरलेल्या झग्याखाली गावकरी हात जोडून बसलेत आणि वरून येणारे बाण झग्यावर मोडून पडताहेत. साथीत माणसं गमावलेल्या गावाने देवाकडे काय मागितलं, ते या एका भिंतीवर कळतं. मला इथलं हेच चित्र सर्वांत मोठं वाटतं. मुख्य चर्चमधल्या चित्रकार गिर्लांदायोच्या चित्रांपेक्षाही.

ती चित्रं मात्र सांता फिनाची. आजारात लाकडी फळीवर पडून राहिलेली ही पोर 1253च्या मार्चमध्ये गेली. त्या वेळी मनोऱ्यांवर फुलं उमलली, असं गावकरी सांगतात. दगडांच्या फटींतून ती पिवळी फुलं अजूनही वसंतात येतात.

दुपारी बसने येणारी गर्दी संध्याकाळी ओसरते. जाणार असाल तर रात्रीचा मुक्काम इथेच करा आणि सकाळी सान जोव्हान्नी वेशीतून मोंतेरिज्जोनीकडे निघा. तो टप्पा लांबचा आहे, पाणी भरून घ्या.