तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात घरची भाजी कधी लावायची?

होळी झाली की दरवर्षी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. यंदा समोरच्या वहिनींनी विचारलं. "तुमच्या परसात बारा महिने काहीतरी हिरवं असतं. आमची रोपं चार दिवसांत जळतात. तुम्ही घालता तरी काय?" खत, औषध, पाणी यांतलंच काहीतरी गुपित असणार, असं विचारणाऱ्याला वाटत असतं. माझं उत्तर ठरलेलं: काय घालायचं ते नंतर बघू, आधी लावलंत कधी ते सांगा.

आपल्याकडं चुकतो तो महिना. जून आला की बी टाकायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पुण्याला, कोकणात ते बरोबर असेल. सोलापूर पर्जन्यछायेत येतं. वर्षभराचा पाऊस 550 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यांत जास्त सप्टेंबरचा. मृगात दोन सरी येतात, माती वरवर ओली होते, आपण हौसेनं बी टाकतो आणि मग कित्येक दिवस नुसता वारा. आपल्या भागातला शेतकरी मालदांडी ज्वारी पेरतो ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर. माझ्या परसाचं वर्षही तिथूनच सुरू होतं, गणपती गेल्यावर.

हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली. पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटो लावला होता. रोपं छान तरारली, एप्रिलमध्ये फुलांनी लगडली. रोज सकाळी आधी तिथं जाऊन यायची. एकदा खाली बसून नीट बघितलं. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक बारीक गाठ असते. ती पिवळी पडली होती. बोट लागलं की फूल तिथूनच निखळून हातात येत होतं, आणि खाली मातीवर वाळक्या फुलांचा सडा. झाड हिरवंगार, फळ एकही नाही. मी पाणी वाढवलं, शेणखत घातलं, पण दुखणं वेगळंच होतं. ऊन पस्तीस अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचा पराग निकामी व्हायला लागतो, आणि रात्रीही उकाडा राहिला तर फळ धरत नाही. आपला मे महिना 42-43 अंशांचा. त्या झाडाकडून मी मागत होते ते त्याला देताच येणार नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. आता रोपांसाठी बी ऑगस्टच्या शेवटी टाकते, सप्टेंबरअखेर रोपं जागेवर लावते. डिसेंबरात रोज वाटीभर टोमॅटो निघतात.

मातीबद्दल थोडं सांगते, कारण आपली काळी माती समजून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ओली असताना ती चपलेला चिकटते, पाणी धरून ठेवते, मुळांना गुदमरवते. वाळली की भेगा पडतात. मे महिन्यात माझ्या परसातल्या एका भेगेत अख्खा पंजा गेला होता. भेग पडताना कोवळी मुळं तुटतात आणि खोलवरची ओल उडून जाते. म्हणून वाफ्यात दरवर्षी कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळते, आणि वर शेंगांच्या टरफलांचा तीन-चार बोटं जाड थर देते. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना तोटा नाही. त्या थराखाली दुपारी हात घालून बघा, माती गार लागते. सगळ्यांना मी पहिलं काम हेच सांगते.

हस्ताचा पाऊस पडून गेला की मेथी, पालक, शेपू, मुळा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत काढायला होते, त्यामुळं एकदम सगळी न पेरता दर आठ दिवसांनी एकेक ओळ पेरावी. कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार मी हमखास ऐकते. धना आहे तसा टाकू नका. पाटावर घेऊन वाटीच्या बुडानं हलकेच रगडा, त्याची दोन दळं सुटी होतात. तरीही आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. तिसऱ्या दिवशी माती उकरून बघू नका.

डिसेंबर-जानेवारीत परस भरलेलं असतं. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीला पालेभाजी घरची आणि भोगीच्या भाजीला गाजर, पावटा, वांगी घरची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे परसात उभे राहून गाजर उपटून खातात, तेव्हा मला फार बरं वाटतं. याच दिवसांत आभाळ आलं की मावा पडतो, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. निंबोळ्या मी पावसाळ्याच्या तोंडाला वेचून वाळवून ठेवलेल्या असतात. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळायची आणि संध्याकाळी फवारायची, पानाच्या खालच्या बाजूनं.

मग उन्हाळा. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्यात माणसांचं भागवून झाडांना द्यायचं, तर मन घट्ट करावं लागतं. मार्चनंतर मी फक्त भेंडी आणि गवार ठेवते, ती फेब्रुवारीतच पेरलेली. दोन्हींना ऊन सोसतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमतं आणि सकाळी सातच्या आत मुळाशी जातं. बाकीचे वाफे टरफलांखाली झाकून मोकळे सोडते. गच्चीवर कुंड्या असतील तर त्या तापल्या स्लॅबवर टेकवू नका, खाली विटा द्या आणि बाजूनं ओलं गोणपाट गुंडाळा. हिरवी जाळी बांधायची असेल तर पश्चिमेकडून आधी बांधा, दुपारचं ऊनच मारतं. मे महिन्यात वाफा रिकामा दिसला म्हणून जीव खाली-वर करू नका.

आणि जून? जूनमध्ये मी एकच गोष्ट पेरते, अंबाडी. पाऊस दडी मारो की झोडपो, तिला फारसं बिघडत नाही. महिना-दीड महिन्यात तांबूस देठांची आंबट पानं खुडायला येतात, आणि शेंडा खुडला की बाजूनं आणखी फुटतात. माझ्या डाव्या हाताला राहणाऱ्या काकू तिला पुंडी म्हणतात आणि ज्वारीच्या कण्या घालून भाजी करतात. उजवीकडच्या घरी तीच गोंगुरा. तिथल्या आजी लाल मिरची घालून तिची पचडी करून देतात. आमच्याकडं लसणाची फोडणी, वर शेंगदाणे, सोबत कडक भाकरी. श्रावणात एका सकाळी तिन्ही घरांच्या परड्या भरून होतात, तरी ओळ संपत नाही. दोन झाडं मी बियांसाठी न खुडता सोडते. यंदाचं बी काचेच्या बरणीत, राखेत घालून ठेवलंय. वहिनी, तुमच्या वाट्याचं त्यातच आहे, मृग लागला की या.