कॉम्प्रेसर अन् पडणारी एमसीबी

आज सगळी दुपार घरच्या कॉम्प्रेसरमागे गेली. २ एचपीची मोटर आहे, ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरायला अन् एअर फिल्टर झाडायला घेतलेली. टाकी रिकामी असली की बिनबोभाट सुरू व्हायची. पण एकदा हवा भरून बंद झाली अन् प्रेशर उतरल्यावर परत उचलायला गेली, की नुसती घूं करायची अन् एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, खाली.

बरेच जण म्हणाले, मोठी एमसीबी टाक ना भाऊ. हे मला अजिबात पटत नाही. एमसीबी वायरिंगला वाचवते. वायर तीच ठेवून ३२ अँपिअरची बसवली, तर भिंतीतली वायर जळू शकते. कापसाचे गंज घरात लागलेले असताना असला धोका कोण घेईल?

खरी गोम प्रेशर स्विचजवळ, म्हणजे टाकीतला दाब पाहून मोटर चालू-बंद करतो त्या स्विचजवळ, निघाली. मोटर बंद होताच तिथून 'फुस्स' आवाज यायला पाहिजे, म्हणजे हेडमधली, पिस्टनच्या वर अडकलेली हवा सुटते. तो आवाजच येत नव्हता. ही हवा सोडणारा अनलोडर व्हॉल्व्ह मळानं जाम! सुरू होताना मोटर एरवीच पाच-सहा पट करंट ओढते, त्यात पिस्टनवर दाब. उठणार कशी ती? मेन स्विच पाडला, टाकीतली हवा पूर्ण सोडली, मगच व्हॉल्व्ह खोलून साफ केला.

बारीक वायरचा लांब एक्स्टेंशन बोर्डही काढून टाकला. हरभऱ्याच्या ओलितात व्होल्टेज आधीच पडतं, त्यात तो आणखी खायचा.

आता मोटर दर वेळी उचलते. गावात कोणाला हाच त्रास असेल तर आधी तो 'फुस्स' ऐका, अन् नाही समजलं तर मला फोन करा.