तुम्ही वाचवले

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच सोलापुरात माणसानं काहीही करायला जाऊ नये. मी गेलो. लाइट गेलेली, फरशीवर पाणी मारून पडलो होतो, झोप येईना म्हणून कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्षभराची बिलं. गल्लीतलं दुकान सोडून डीमार्टला जायला लागलो तेव्हापासूनची. त्या बिलाच्या तळाशी एक ओळ असते, एमआरपीवर तुम्ही इतके वाचवले. बाकी बिल मी वाचत नाही, ती ओळ मात्र पार्किंगमध्ये उभा राहून दोनदा वाचतो. वर्षाची बेरीज करायची आणि रात्री जेवताना हिला ऐकवायची, असा बेत होता.

बिलं कोरी निघाली. सगळी. उलटसुलट करून पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली. एकावर 'तूरडा' एवढंच राहिलं होतं, पुढचा 'ळ' उन्हानं खाल्ला होता. त्या मशीनमध्ये शाईच नसते म्हणे. कागदाला चटका देऊन अक्षर उमटवतात. मग पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्रेचाळीस डिग्रीत ते टिकेल कशाला?

हिशोब गेला त्याचं एवढं नाही. पण महिन्याला चारशे-साडेचारशे धरले तरी वर्षाचे पाच हजार होतात. ते आहेत कुठं? पासबुकात नाहीत, पाकिटात नाहीत. हिला हाक मारून विचारलं.

"मोरीत बघा," ही आतून म्हणाली.

मोरीत निळा टब आहे. त्याच्यात पिवळा टब आहे. पिवळ्यात तीन मग. डाळ स्वस्त मिळाली म्हणून निळा घेतला आणि निळा स्वस्त मिळाला म्हणून पिवळा. आमच्या घरात माणसं दोन.

हे दुकान एवढं स्वस्त देतं कसं, हे मला भाच्यानं समजावलं. तो शेअरबाजारातला. पवईत २००२ साली पहिलं दुकान निघालं. जागा शक्यतो स्वतःची घ्यायची म्हणजे भाडं नाही. माल देणाऱ्याचे पैसे झटपट चुकते करायचे म्हणजे तो भाव पाडून देतो. आणि सजावट-बिजावटीचे लाड नाहीत. पुढं म्हणाला, "मामा, मार्च २०१७ मध्ये शेअर आला, २९९ रुपयांना. ज्यांनी तो घेतला त्यांचे वाचले. तुम्ही डाळ घेत बसलात."

ज्वारी मात्र आम्ही तिथली घेत नाही, आताच सांगून ठेवतो. ती मंगळवेढ्याहून मेव्हणा पाठवतो, मालदांडी, पोत्यानं. एकदा ही आजारी होती तेव्हा मी शहाणपणा करून पिठाचं पाकीट आणलं. कधी दळलं होतं देव जाणे, पिठाची विरी गेलेली. भाकरी थापता थापता परातीतच तिचा नकाशा झाला. ही अंथरुणातून उठून आली, पाकिटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काही बोलली नाही. पाकीट तसंच होतं बरेच दिवस. पोरं पतंगाला खळ करायला घेऊन गेली शेवटी.

तर डबा. बिलं उपसली आणि तळाशी आईची वही लागली. लाल कापडी पुठ्ठ्याची, तळहाताएवढी, किराण्याची.

आम्ही तेव्हा साखर पेठेत राहायचो आणि वडील मिलमध्ये. ही वही आणि पिशवी घेऊन मला अप्पांच्या दुकानात पिटाळलं जायचं. अप्पा शाईची पेन्सिल वापरायचे. टोक जिभेला लावायचं, की लिहिलेलं जांभळं उठायचं. दुपारपर्यंत अप्पांची जीभ जांभळी होई, आणि मोठेपणी आपलीही अशीच जीभ असावी असं मला फार वाटे. डोक्यावर सुताचा कोन टांगलेला. अप्पा वर न बघता दोरा ओढायचे, पुडीला दोन वेढे, एक आडवा, आणि झटका देऊन तोडायचे. त्या झटक्याचा आवाज यायचा. मी भान हरपून बघत राही.

"काय करलालास बे, पिशवी धर सरळ," असं म्हणत हातावर गुळाचा खडा ठेवायचे. तो हिशोबात नसायचा.

मला काही अप्पांची आरती ओवाळायची नाही. आईचा हात म्हणजे काटा होता. पुडी तळहातावर दोनदा झेलून म्हणायची, "दहा-वीस ग्रॅम खाल्ले मेल्यानं." आणि पुढच्या वेळी मला परत तिथंच पाठवायची. सामान मागायची ती शेवटपर्यंत पावशेरात. जुना शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर भरतो २३३ आणि अप्पा मोजत २५०. तेवढ्यावर दोघांची फिटंफाट होत असावी. उधारीचा भावही पेठेतल्या रोख भावापेक्षा चार आणे चढाच असायचा, ते तिला ठाऊक होतं. आज ती असती तर पहिल्या तारखेला डीमार्टचं शटर वर जायच्या आधी दारात उभी असती, आणि टब घेतला नसता.

तसं पाहिलं तर भाच्यानं सांगितलेलं सगळं अप्पाही करत होतेच. दुकान राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, माल रोखीनं, सजावट म्हणजे एक गणपती. फक्त डीमार्टला 'मांडून ठेवा' म्हणता येत नाही. आम्ही म्हणायचो. मिल बंद पडली तेव्हा सलग साडेपाच महिने म्हणालो. वहीत ती पानं सलग आहेत: तूरडाळ, गोडेतेल, चहापूड, चहापूड, तूरडाळ. गूळ मध्येच बंद होतो. तो आईनंच बंद केला असणार. मला मिळणारा खडा चालू होता.

पैसे फिटले की अप्पा पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायचे. मी पडल्या पडल्या एकेक पान उलटलं. सगळ्यांवर फुल्या. शेवटच्या पानावर नाही. तिथं जांभळ्या अक्षरात 'बाकी ३७.५०', आजच लिहिल्यासारखं. मग आम्ही घर बदललं. अप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली, दुकानाच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं आहे.

हिला वही दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून तिनं ते पान डोळ्यांजवळ नेलं.

"म्हणजे हे खरे वाचलेले की हो," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मी वही मिटली, परत उघडली. साडेसदतीस रुपये. कुणाच्या हातात नेऊन द्यायचे?